सुपरहिरो कॉमिकची कादंबरी करताना

कॉमिकवरून कादंबरी लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतो. कॉमिक शेजारी उघडं ठेवून तो एकेक चौकट शब्दांत उतरवायला घेतो. नायक उडतो, भिंत कोसळते, खलनायक हसतो, नायक पुन्हा उडतो. चाळीस-पन्नास पानं झाली की हात थांबतो, कारण लिहिलेलं स्वतःलाच वाचवत नाही. कॉमिक वाचताना याच प्रसंगांनी श्वास रोखून धरला होता, मग आता झालं काय? झालं इतकंच, की चित्राचं वर्णन उतरलं आणि चित्राचं काम मागेच राहिलं. प्रत्येक चौकट गोष्टीत काही ना काही करत असते. ती भीती घालते, वेळ ताणते, माहिती लपवते, वाचकाला पान उलटायला लावते. ते काम ओळखायचं आणि गद्याला जमेल त्या रीतीनं करायचं. इथे सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी हक्कांचं बघा

कॉमिक तुमचं स्वतःचं असेल तरी ते चित्रकाराबरोबर केलेलं असतं. वेशभूषा, चेहरे, काही वेळा अख्खे प्रसंग त्याच्या डोक्यातून आलेले असतात. त्यामुळे कादंबरीसाठी त्याची लेखी संमती घ्या. मानधनात आणि श्रेयात त्याचा वाटा किती, तेही त्याच कागदावर आणा. दुसऱ्याचं कॉमिक असेल तर हक्कधारकाची परवानगी लागतेच. भारतात लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. अमेरिकेतला हिशोब वेगळा आहे. १९३८ साली आलेल्या सुपरमॅनच्या पहिल्या कथा तिथे २०३४ च्या सुरुवातीला सर्वांसाठी खुल्या होतील. पण त्या पहिल्या कथांमधला सुपरमॅन उडत नाही, लांब लांब उड्या मारतो. खुला होणार तो तेवढाच. नंतर जोडलेल्या शक्ती, पात्रं आणि नाव-चिन्हावरचे व्यापारी हक्क वेगळे राहतात.

सराव म्हणून कुठलीही आवडती कथा घरी लिहून काढायला हरकत नाही, आणि तो सराव उत्तम असतो. फक्त तो विकायचा नाही, छापायचा नाही. करार करून लिहीत असाल तर पाच गोष्टी लेखी हव्यात: नेमके कोणते अंक, कोणती भाषा, किती शब्द, काय बदलायची मुभा आहे, आणि मजकूर किती वेळा तपासून मागितला जाईल. यातली चौथी गोष्ट बहुतेक करारांत मोघम असते, आणि भांडणं नेमकी तिथेच होतात. ‘शेवट बदलायचा नाही, एखादं पात्र गाळायचं असल्यास आधी विचारायचं’ इतकं स्पष्ट लिहून घ्या.

शब्दांचा हिशोब

अमेरिकन मासिक कॉमिकचा अंक बराच काळ २२ पानांचा असायचा. सहा अंकांची कथा म्हणजे १३२ पानं. पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या तर ६६० चौकटी. एका चौकटीत ३५ शब्दांच्या वर मजकूर गेला की चित्र गुदमरतं, असा संपादकांचा जुना ठोकताळा आहे. प्रत्यक्षात कित्येक चौकटी मुक्या असतात. पानाला शंभर-सव्वाशे शब्द धरले तरी अख्ख्या कथेत सगळे मिळून १३ ते १६ हजार शब्द होतात.

मराठी कादंबरी २२०-२५० छापील पानांची करायची तर ६० ते ७० हजार शब्द लागतात. म्हणजे चारातले तीन शब्द कॉमिकमध्ये नाहीतच, ते तुम्हाला आणायचे आहेत. हा आकडा सुरुवातीलाच डोळ्यांसमोर असला की वर्णनं फुगवून पानं भरायचा मोह होत नाही. ते शब्द कुठून येतात? कॉमिकनं वगळलेल्या कारणांतून. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत जे घडून गेलं त्यातून. एका पानात गुंडाळलेल्या दुय्यम पात्रांतून. आणि मुख्य म्हणजे माणसाच्या डोक्यात, पोटात, गुडघ्यांत काय चाललंय त्यातून, कारण चित्राला ते बाहेरूनच दाखवावं लागतं.

चौकटींची नोंदवही

लिहायच्या आधी हे काम करायचंच. एक्सेलमध्ये किंवा आडव्या वहीत रकाने आखा: अंक, पान, चौकट, स्थळ आणि वेळ, कोण कोण हजर, नवी माहिती कोणती, बोललेले शब्द, मनातले शब्द, कॅप्शन (चौकटीतला निवेदनाचा मजकूर), आणि शेवटचा, सगळ्यात रुंद रकाना, ‘फक्त चित्रात’.

या शेवटच्या रकान्यावर खरी भिस्त आहे. मागच्या भिंतीवरचं फाटकं पोस्टर, नायिकेच्या बोटातून नाहीशी झालेली अंगठी, तीन अंक सलग पडणारा पाऊस, गर्दीत दोनदा दिसलेला टोपीवाला माणूस. चित्रकार या गोष्टी शब्दांशिवाय पेरतो आणि पुढे त्यांच्यावर कथा फिरते. टोपीवाल्याची नोंद राहून गेली तर चौथ्या अंकात तो खलनायक निघाल्यावर कादंबरीच्या वाचकाला तो आकाशातून पडल्यासारखा वाटेल. एका अंकाची नोंद नीट करायला चार-पाच तास लागतात. सहा अंकांना एक आठवडा द्या.

‘नवी माहिती’ या रकान्यात अनेक चौकटींसमोर काहीच लिहिण्यासारखं नसेल. त्या चौकटी एकतर परिणामासाठी असतात, नाहीतर उजळणीसाठी. उजळणी सरळ कापायची. मासिकाचा प्रत्येक अंक कुणाचा तरी पहिला अंक असतो, म्हणून पात्रं एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी सांगत बसतात. वर्तमानपत्रातल्या पट्टीकथेत हे आणखी जास्त असतं. इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी घरांत पोचलेला वेताळ मुळात ली फॉक यांच्या फॅन्टम या पट्टीचा नायक. १९३६ पासून ती रोज तीन-चार चौकटींत छापली जायची. रोजच्या पट्टीत कालचा धागा आज पुन्हा उचलावा लागतो. १९७२ ते १९७५ दरम्यान अमेरिकेत या कथांवर १५ छोट्या कादंबऱ्या निघाल्या. पट्टीवरून काम करायचं असेल तर पहिल्या वाचनातच पुनरुक्तीवर पेन्सिलनं काट मारत जा. कथेचा मोठा हिस्सा असा सुटून येतो आणि उरलेला सांगाडा एकदम स्वच्छ दिसतो.

कणा काढणे

नोंदवहीतल्या ६६० चौकटींचे गट पाडा. एक जागा, एक वेळ, एक प्रश्न म्हणजे एक प्रसंग. सहा अंकांत साधारण ४० ते ५० प्रसंग निघतात. त्यांतून २५ ते ३० प्रकरणं बांधा, प्रत्येकी २२०० ते २८०० शब्दांची. अंकाची हद्द आणि प्रकरणाची हद्द एकच ठेवू नका. दर २२ पानांनी नायक कड्यावर लटकतो तो पुढचा अंक विकायला. कादंबरीत सहा वेळा तसंच लटकवलं की तिसऱ्या वेळेपासून वाचक धास्तावत नाही.

अनेक मालिकांत पसरलेली कथा असेल तर गाळणं हेच मोठं काम. सुपरमॅनच्या मृत्यूची १९९२-९३ ची कथा घ्या. ती चार मासिक मालिकांमध्ये वाटलेली होती, प्रत्येकीची लेखक-चित्रकार मंडळी वेगळी, आणि वाचनाचा क्रम कळावा म्हणून मुखपृष्ठावर त्रिकोणात आकडा छापलेला असायचा. मृत्यू, अंत्यसंस्कार, त्याच्या जागेवर हक्क सांगणारे चौघं आणि पुनरागमन एवढा हा पसारा. यावरची कादंबरी १९९३ मध्येच आली, ती रॉजर स्टर्न यांनी लिहिली. ते त्या चार मालिकांपैकी एकीचे लेखक होते. अशा पसाऱ्यात प्रत्येक उपकथेला एकच प्रश्न विचारायचा: ही काढली तर शेवट कोसळतो का? कोसळत नसेल आणि एखाद्या मुख्य पात्रालाही ती हलवत नसेल, तर ती जाऊ द्यावी. दुसऱ्या मालिकेतला पाहुणा सुपरहिरो सहसा इथेच गळतो.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या बॅटमॅनच्या ‘नाइटफॉल’ कथेत दुसरी अडचण दिसते. बेन हा खलनायक वेड्यांच्या तुरुंगातून सगळ्यांना मोकळं सोडतो, आणि बॅटमॅन अंकामागून अंक एकेकाला पकडत दमत जातो. मासिकात ही रांग चालते, दर महिन्याला नवा चेहरा मिळतो. गद्यात दहा झटापटी सलग वाचल्या की नायकाआधी वाचक दमतो. अशा रांगेतले दोन किंवा तीन सामने पूर्ण लिहावेत. बाकीचे जखमांतून, न झोपलेल्या रात्रींतून आणि थंड झालेल्या जेवणाच्या ताटातून सांगावेत.

कुणाच्या नजरेतून

कॉमिकमध्ये कॅमेरा मोकळा असतो, एका पानात पाच जणांकडे जाऊन येतो. गद्यात तसं केलं की वाचकाला कुणाच्याच अंगात शिरता येत नाही. एका प्रसंगाला एकच नजर ठेवा. बदलायची असेल तर जागा सोडून, नव्या परिच्छेदानं.

नजर निवडताना नायक हा आपोआप सुचणारा पर्याय असतो, पण तो सगळीकडे बरा नसतो. ज्याला गोळी लागत नाही त्याच्या नजरेतून गोळीबार कंटाळवाणा होतो. तोच गोळीबार मागच्या दुकानात शटर ओढून बसलेल्या माणसाकडून बघा. अ‍ॅलेक्स रॉस यांनी रंगवलेल्या १९९६ च्या ‘किंगडम कम’ या चार अंकी कॉमिकमध्ये देवासारखे नायक एका वृद्ध पाद्र्याच्या नजरेतून दिसतात. असा साक्षीदार कॉमिकमध्येच तयार असेल तर कादंबरीकाराचं अर्धं काम झालेलं असतं. याहून धीट निवडही करता येते. १९८५-८६ च्या बारा अंकी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये बॅरी अ‍ॅलन हा फ्लॅश नावाचा सुपरहिरो आठव्या अंकात मरतो. मूळ लेखक मार्व्ह वुल्फमन यांनी २००५ मध्ये स्वतःच तिची कादंबरी केली, तेव्हा निवेदन त्याच बॅरीकडे दिलं. असंख्य विश्वांच्या गर्दीत वाचकाला धरायला एक माणूस मिळाला.

संपूर्ण कादंबरीत तीन किंवा चार नजरा पुरतात. नायक, त्याच्यावर माया असलेलं एक माणूस, खलनायक, आणि रस्त्यावरचा कुणीतरी. पाचवी घ्यायची झाली तर त्याआधी एखादी कमी करा.

मारामारी

सगळ्यात जास्त हस्तलिखितं इथे आपटतात, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

बारा पानांची मारामारी कॉमिकमध्ये तीन मिनिटांत वाचून होते. तिच्यातला प्रत्येक ठोसा लिहिला तर चार हजार शब्द होतात आणि वाचायला वीस मिनिटं लागतात. वेग मरतो तो इथे. म्हणून लिहायच्या आधी मारामारीसाठी एक छोटं टिपण करा. नायकाला आत्ता नेमकं काय हवंय (‘जिंकायचंय’ हे उत्तर चालत नाही, ‘मुलांना दारापर्यंत न्यायचंय’ हे चालतं)? जागा कशी आहे, दार कुठे, जिना कुठे, पडण्यासारखं काय आहे? पारडं कुठे कुठे फिरतं? असे तीन क्षण पुरे. आणि शेवटी नायकाला त्याची काय किंमत मोजावी लागते? हे ठरलं की ठोसे आपोआप कमी होतात. मोठ्या लढतीला १५०० ते १८०० शब्द, मधल्या चकमकीला ५०० ते ६००.

एक पान जवळून बघू. हे पान काल्पनिक आहे, नायकाचं नाव लोहित. पहिली चौकट: उड्डाणपुलाचा गर्डर क्रेनमधून सुटलाय, खाली बस. दुसरी: बस ड्रायव्हरचे विस्फारलेले डोळे. तिसरी: लोहित उतरतो, फुग्यात ‘थांबा! मी आलोय!’ चौथी: गर्डर खांद्यावर, मोठ्या अक्षरांत ‘धडाम!’, विचारफुगा ‘चाळीस टन... पण मी वाकणार नाही!’ पाचवी: लोक टाळ्या वाजवतायत.

सरळ उतरवलं तर असं होतं:

‘वरून एक प्रचंड गर्डर वेगानं खाली येत होता. ड्रायव्हरचे डोळे विस्फारले. तेवढ्यात लाल झगा फडफडवत लोहित तिथे उतरला. “थांबा! मी आलोय!” तो गरजला. धडाम! गर्डर त्याच्या खांद्यावर आदळला. चाळीस टन, पण मी वाकणार नाही, तो मनाशी म्हणाला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.’

यात काहीच चुकीचं नाही, आणि काहीच जाणवतही नाही. आता चौकटींचं काम बघा. पहिल्या दोन चौकटी भीती घालतात, तिसरी दिलासा देते, चौथी वजन दाखवते, पाचवी शेवट करते. गद्यात भीती आणि वजन एकाच जागी आणता येतात:

‘गर्डर खांद्यावर आला तेव्हा लोहितला आधी जाणवलं ते पायाखालचं डांबर. दुपारभर तापलेला रस्ता टाचांखाली दबत चालला होता. खांदा टिकला असता. रस्ता टिकणार नव्हता. चार हातांवर बसची काच, काचेमागे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेला ड्रायव्हर.

“गाडी मागे घ्या.”

ड्रायव्हर हलला नाही. त्याचे ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव.

“काका. माझ्याकडे बघा. गाडी मागे घ्या.”

खर्रकन गिअर पडला.’

चाळीस टनांचा आकडा गेला, त्याच्या जागी दबणारं डांबर आलं. ‘धडाम’ गेलं, त्याऐवजी गिअरचा छोटा आवाज आला, कारण बस मागे जाते की नाही हाच प्रसंगातला प्रश्न आहे. टाळ्या गेल्या, कारण गिअर पडला तिथेच प्रसंग संपतो. नायकाची ताकद सांगावी लागली नाही. त्याची काळजी कशाची आहे तेवढं कळलं, आणि ताकद त्यातच दिसली. प्रत्येक पानावर असं करता येणार नाही, पण प्रत्येक लढतीत निदान एकदा तरी शक्तीपेक्षा ती जागा, जमीन, समोरचं माणूस अडचणीचं ठरायला हवं.

शक्तीचे नियम

कॉमिकमध्ये नायकाची शक्ती महिन्यागणिक कमीजास्त होते आणि वाचक चालवून घेतो. कादंबरीत वाचक हिशोब ठेवतो. पानभर नियम लिहून ठेवा: शक्ती कशानं सुरू होते, किती वेळ टिकते, कशानं थांबते, नंतर शरीराचं काय होतं. मग पहिल्या एक चतुर्थांश भागात नियम प्रसंगातून दाखवा, आणि शेवटी नायक ज्या युक्तीनं जिंकतो तिची खूण तिथेच पेरा. शेवटच्या लढतीत पहिल्यांदाच उगवलेली शक्ती वाचक माफ करत नाही.

शक्ती आतून कशी लागते हेही शोधायला हवं. भिंतीपलीकडचं दिसणाऱ्याला डोळे मिटल्यावर काय दिसतं? दूरचं ऐकू येणारा झोपतो कसा? चित्रात यासाठी दोन किरणं नाहीतर चार वर्तुळं काढतात. इथे गद्य चित्राच्या पुढे जाऊ शकतं, आणि कादंबरी कशासाठी करायची याचं सगळ्यात सबळ कारण मला इथेच दिसतं.

आवाज

मराठीला यात मोठी देणगी आहे. खाडकन, फाडकन, सणकन, धपकन, खळ्ळकन, कचकन, गपकन. हे शब्द वाक्यात बसतात, उद्गारचिन्ह मागत नाहीत, आणि प्रत्येकाला वेगळं वजन असतं. ‘थाड! धूम! सप्प!’ असे सुटे आवाज ओळीत टाकू नयेत, गद्यात ते पोरकट दिसतात. ‘-कन’ सुद्धा पानाला दोनच्या वर नको, नाहीतर मारामारीला ताल धरल्यासारखं वाटतं. मोठ्या स्फोटाला तर आवाजाऐवजी नंतरची शांतता लिहून बघा: कानात वाजणारी शिट्टी, समोरच्याचे नुसते हलणारे ओठ.

नावं, आणि तू-तुम्ही

एकाच माणसाला दोन नावं असतात. निवेदनात कुठलं वापरायचं? साधा नियम: नजर ज्याची, नाव त्याच्या माहितीतलं. गुपित न कळलेल्या पात्राच्या नजरेतून मुखवटाधारी हा मुखवटाधारीच. नायकाच्या स्वतःच्या नजरेत त्याचं घरचं नाव, अंगावर पोशाख असला तरी. हे प्रसंगाच्या मध्येच बदलायचं नाही.

मग मराठीचा खास प्रश्न येतो. मूळ इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत ठरवावं लागतं, म्हणून पात्रांचा एक तक्ता करा: कोण कुणाला काय म्हणतो, मुखवट्यासह आणि मुखवट्याशिवाय. ऑफिसात साहेब त्याला ‘अहो, तुम्ही’ म्हणतात, आणि तेच साहेब गच्चीवर मुखवटाधाऱ्याला घाबरून ‘आपण’ म्हणतात. पोलीस इन्स्पेक्टर आधी ‘ए, तू’ म्हणतो आणि तिसऱ्या भेटीत ‘तुम्ही’वर येतो. खलनायक पहिल्या भेटीत अतिशय अदबीनं ‘तुम्ही’ म्हणत असेल तर ‘तू’ ज्या क्षणी येईल तो क्षण जपून ठेवा. गुपित उघड होतं त्या प्रसंगात मैत्रिणीच्या तोंडून ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं की ‘म्हणजे तो तूच होतास!’ हे वाक्य लिहावंच लागत नाही. अनुवादित कॉमिकवरून काम करत असाल तर त्यातले तू-तुम्ही तपासल्याशिवाय घेऊ नका, अंकागणिक ते बदललेले असतात.

फुगे आणि कॅप्शन

संवादांतलं निम्मं तरी जाणार, हे धरून चाला. ‘माझ्या लेझरनं तुझ्या ढालीचा भेद होईल!’ अशी वाक्यं चित्र समजावण्यासाठी असतात. कृती लिहिली की त्यांचं काम संपतं. विचारफुगे अवतरणात जसेच्या तसे ठेवू नयेत, निवेदनात विरघळवावेत. ‘“हे अशक्य आहे!” त्याला वाटलं’ याऐवजी ‘हे शक्य नव्हतं. दार त्यानं स्वतः लावलं होतं.’ कॅप्शनमधलं ‘दरम्यान, शहराच्या दुसऱ्या टोकाला...’ हे तर एक ओळ मोकळी सोडली की आपोआप होतं.

एखादं वाक्य मात्र वाचकांच्या तोंडी बसलेलं असतं. ते अक्षर न बदलता ठेवा आणि त्याच्या आधीचं वाक्य लहान करा.

पानभर चित्राचं काय करायचं

सुपरमॅनच्या मृत्यूच्या त्याच कथेत, तो मरतो त्या भागात, चौकटींची उलटी मोजणी आहे. त्या भागाच्या शेवटच्या चार अंकांपैकी पहिल्यात पानाला चार चौकटी, मग तीन, मग दोन, आणि १८ नोव्हेंबर १९९२ ला आलेल्या ‘सुपरमॅन’ ७५ मध्ये प्रत्येक पान म्हणजे एकच चित्र. वाचकाला मोजणी कळली नाही तरी वाढता ताण कळतो. गद्यात मोठं चित्र करता येत नाही, पण मोजणी करता येते. शेवटच्या चार प्रकरणांतली पात्रं कमी करत जा, जागा कमी करत जा, नजरा कमी करत जा. चार नजरांचं प्रकरण, मग तीन, मग दोन, मग एकच. वाक्यं लहान करत नेण्याची सोपी युक्ती सगळे आधी वापरतात. पानभर तुटक वाक्यं आली की ती धाप लागल्यासारखी वाटतात, आणि दोन पानांनंतर कृत्रिम. ती शेवटच्या अर्ध्या पानासाठी राखून ठेवा.

पान उलटल्यावर बसणारा धक्का परिच्छेदाच्या शेवटच्या शब्दावर आणता येतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून नाव शेवटी आणायला वाक्य फिरवावं लागतं: ‘दारात सावंत उभा होता’ पेक्षा ‘दारात उभा होता तो सावंत.’ पुस्तकात असं चार-पाच वेळाच करा.

काळ गोठवा

मासिकातला नायक पन्नास वर्षं तिशीचाच असतो. कादंबरीला एक साल द्या आणि ते पाळा. १९९२ ची कथा १९९२ मध्येच ठेवली तर खिशात मोबाइल नाही, बातमी संध्याकाळच्या टीव्हीवर, आणि नायकाला फोन बूथ शोधावा लागतो. आजच्या काळात आणली तर पहिल्याच लढतीचे शंभर व्हिडिओ निघणार, मग गुपित टिकतं कसं याचं उत्तर तयार हवं. अर्धवट मिश्रण मात्र लगेच उघडं पडतं. न्यूयॉर्क-मेट्रोपोलिसची कथा उचलून मुंबईत टाकायचा विचार असेल तर तो वेगळा प्रकल्प आहे. नुसती नावं बदलून ते होत नाही, पोलीस, वर्तमानपत्र, चाळ, कुटुंब सगळंच नव्यानं रचावं लागतं.

खर्डा आणि दुरुस्ती

नोंदवही आणि कणा तयार झाला की कॉमिक कपाटात ठेवा. पहिला खर्डा फक्त नोंदवहीवरून लिहा. रोज ८०० शब्द झाले तर ७० हजार शब्दांना तीन महिने लागतात. खर्डा संपल्यावरच कॉमिक पुन्हा उघडा आणि ‘फक्त चित्रात’ या रकान्यातली प्रत्येक नोंद एकतर मजकुरात आलीय किंवा जाणूनबुजून सोडलीय, हे टिक करत बघा.

मग दोन वाचक शोधा. एक कॉमिक पाठ असलेला, दुसरा ते कधीही न वाचलेला. दुसऱ्याचं मत आधी घ्या. त्याला प्रत्येक लढतीनंतर कोण कुठे उभं आहे ते कागदावर काढायला सांगा. काढता आलं नाही तर भूगोल पुन्हा लिहा. नायक कसा दिसतो ते सांगायला सांगा. पोशाखाचं वर्णन पहिल्या दर्शनात तीन तपशिलांच्या वर गेलं असेल तर त्याला एकही आठवणार नाही. पहिल्या वाचकाला विचारायचं ते एवढंच, की कुठला प्रसंग हुकल्यासारखा वाटला. तो जे सांगेल त्यातलं सगळं परत घालू नका. पण दोन्ही वाचक एकाच जागी अडखळले तर ती जागा खरंच मोडलेली असते.

हक्कधारकाकडे मजकूर पाठवताना सोबत बदलांची यादी जोडा: काय गाळलं, काय जोडलं, कुठल्या अंकातलं पान कुठल्या प्रकरणात गेलं. नोंदवही असल्यानं ही यादी दोन दिवसांत होते. यादी नसेल तर तपासणारा स्वतः कॉमिक शेजारी घेऊन बसतो आणि प्रत्येक फरकावर खूण करतो. मग जे बदल कथेच्या भल्यासाठी केले होते, तेही एकेक करून पटवून द्यावे लागतात.